जुलैत पोरांना घेऊन मुंबईला येताय? मग जेवणाचं आधी बोलून घेऊ

दरवर्षी जूनच्या तोंडावर न्यू जर्सीपासून लंडनपर्यंत सगळीकडून एकच प्रश्न येतो, की येतोय रे पण हा घरचं काही खातच नाही, पास्ता नाहीतर नगेट्स, आता आजीकडे महिनाभर कसं व्हायचं. मी काही आहारतज्ज्ञ वगैरे नाही, दहिसरला राहतो, घरात एक सात वर्षांची आणि एक तीन वर्षांचा, सकाळचा डबा माझ्याकडे असतो, तेवढाच काय तो अधिकार. पण एक सांगतो, इथलीही पोरं खात नाहीत हो! फक्त इथे ते कुणाला "संस्कृती बुडाली" असं वाटत नाही, इथे त्याला नुसते नखरे म्हणतात.

खरा लोचा तिथेच आहे. तिकडे वरणभात नाही खाल्ला तर आईबापांना वाटतं पोरगं आपल्या हातातून चाललं, मग प्रत्येक घासाला परीक्षेचं रूप येतं, आणि परीक्षा म्हटलं की कुठल्या पोराला भूक लागणार सांगा. साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाला नाही म्हणणं हे अगदी नॉर्मल आहे आणि एखादी चव पटायला ती दहा-पंधरा वेळासुद्धा समोर यावी लागते. आपण काय करतो, तीनदा करतो, चौथ्यांदा "याला आवडतच नाही" असं त्याच्यासमोरच जाहीर करतो आणि पोरगंही ते पाठ करून ठेवतं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची फार सोपी वाटणी करून दिलीय, की काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे पोराने. मला ही वाटणी पटते कारण त्यात आपलं अर्धं टेन्शन जातं. पानात चमचाभर भेंडी वाढायची, शेजारी त्याला नक्की चालणारं काहीतरी ठेवायचं, मग ते दहीभात असो की नुसती पोळी, आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे बरं का.

आमचा धाकटा फोडणीतली मोहरी एकेक करून बोटाने ताटाच्या कडेला लावतो, कढीपत्ता तर दोन बोटांत धरून पाण्याच्या भांड्यात बुडवतो, तोपर्यंत भात गार. बघणाऱ्याचा जीव जातो. पण त्या नादात तो वरण खातोय ना, मग खाऊ दे.

आता आजीचा विषय. आजीला विमानात बसायच्या आधीच फोन करा, इथे उतरल्यावर नको. न्यूयॉर्कच्या आणि आपल्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहाला जेवणाऱ्या पोराला इथे पहाटे साडेतीनला भूक लागणार आणि दुपारी बारा वाजता पुरणपोळीच्या ताटासमोर ते पेंगणार, त्यात त्याचा काय दोष. पहिले चार-पाच दिवस कसलाही निकाल लावू नका, रात्री डायनिंग टेबलवर केळी, बिस्किटं, फ्रीजमध्ये दहीभात ठेवा, आणि आजीला सांगा "आई, सुरुवातीला फक्त मऊ भात, साधं वरण, तूप, लिंबू आणि बटाट्याच्या काचऱ्या कर, बाकीचं सगळं पुढच्या आठवड्यात". लिंबू मुद्दाम म्हणतोय, डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि त्याच कारणाने जेवणासोबत पोरांना चहाचा घोट द्यायची सवय मात्र नको, चहाने उलट होतं.

दुसरं म्हणजे "किती वाळलीय गं", "तिकडे पिझ्झाच लागत असेल ना" ही वाक्यं. प्रत्येक मामा-मावशीकडे जेवायला बोलावणार आणि प्रत्येक ठिकाणी ही वाक्यं येणार, प्रेमानेच येणार, पण पोराला मराठी बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. तिथे उत्तर आईबापांनी द्यायचं, हसत पण लगेच, "अहो काकू, जेवतो तो त्याच्या भुकेनं". आजीने भरवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चिऊचा घास काऊचा घास करत महिनाभर भरवू दे की, त्या दोघांचा तेवढाच वेळ आहे. फक्त समोर मोबाईल लावून भरवणं नको, तिथे पोरगं काय गिळतंय, पोट भरलंय का, त्याचं त्यालाच कळत नाही. आणि आजीला भरवण्यापेक्षा मोठं काम द्या, तिच्या हाताखाली पोरगं बसवा.

हे काम जुलैत फार मस्त जमतं. तुम्ही येता तेव्हा हापूस संपलेला असतो, १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ती निदान जुलैअखेरपर्यंत, त्यामुळे "येऊन पोरांना ताजं पापलेट खाऊ घालू" हे स्वप्न तिकडेच ठेवून या. पण बहुतेक वर्षी तेव्हा आषाढ चालू असतो आणि आषाढ म्हणजे तळण! गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून कापण्या करायच्या, शंकरपाळ्यासारख्या चौकोनी कापायच्या, वर खसखस, हे लाटायला आणि कातण्याने कापायला पोरांना द्या, तळायचं आजीने. वाकड्यातिकड्या होतात, पिठाचा पसारा होतो, पण स्वतः कापलेली कापणी नको म्हणणारं पोर मी अजून बघितलं नाही. तिखटमिठाच्या पुऱ्यांचंही तेच. कंटोली आली तर जरूर आणा, काटेरी दिसतात म्हणून पोरं हातात तरी घेतात, खाल्ली तर बोनस. बाहेरची पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा मात्र पावसाळ्यात नाहीच, यावर वाद नको, आणि टायफॉइडच्या लशीचं निघायच्या बऱ्याच आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तिकडे परतल्यावर शाळेचा डबा, आणि तिथे आपली खरी अडचण म्हणजे दाण्याचं कूट. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आणि तिकडच्या कितीतरी शाळांत शेंगदाण्याला बंदी. ती बंदी पाळाच, वर्गातल्या एखाद्या पोराच्या जिवाचा प्रश्न असतो. डब्यापुरतं सूर्यफुलाच्या बिया भाजून त्यांचं कूट करा, कोशिंबिरीत तर कळतही नाही, पण आधी शाळेला विचारा, काही ठिकाणी बियाही चालत नाहीत. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायचा बेत असेल तरी आधी विचारा, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळही मुख्य अॅलर्जींच्या यादीत आहे. घरात मात्र शेंगदाण्याची भीती नको, २०१५ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं, जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित दिला तर पुढे त्याची अॅलर्जी खूप कमी होते. बाळाला एक्झिमा, म्हणजे त्वचेला खाज-पुरळ येण्याचा त्रास, किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टर, आणि द्यायचा तो पातळ पेस्ट करून, अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत नाहीच, घशात अडकतो. द्राक्षंही उभी चिरून द्या.

दुधाबद्दल एकच. "जेवत नाही तर निदान दूध तरी पिऊ दे" हे आपल्याकडे घराघरात चालतं, मोठा ग्लास सकाळी, मोठा ग्लास रात्री, वर एक दुपारी, मग जेवायला पोटात जागा कुठे राहणार? लहान पोरांना दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं, त्याच्यावर गेलं की भूकही मरते आणि लोहही कमी पडतं. ब्रिटनमध्ये असाल तर एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला तिथलं आरोग्य खातंच सांगतं, ते द्या, "आपण कुठे घेतलं होतं" म्हणू नका, आपण दिवसभर बिल्डिंगखाली उन्हात क्रिकेट खेळत होतो. आणि वजन वाढतच नसेल, खाताना सारखा ठसका लागत असेल, किंवा पानातले पदार्थ वाढायच्या ऐवजी एकेक करून कमीच होत चालले असतील तर हे नखरे नाहीत, नीट दाखवून घ्या.

तान्हं बाळ घेऊन येणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय, कुणीतरी प्रेमाने मधाचं बोट चाटवायला पुढे येईलच, तिथे स्पष्ट नाही म्हणा. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो आणि तो लहान बाळाला झेपत नाही. आजी रागावली तर रागावू दे, दोन दिवसांत विसरते.

जाताना बॅगेत मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व न्याच, ऑफिसातून उशीर झाला की मऊ भात, मेतकूट, तूप, पाच मिनिटांत जेवण. पाकिटं सीलबंद आणि लेबलवाली घ्या, घरचे लाडू डब्यात भरून नेणार असाल तर त्या देशाचे नियम आधी वाचा. ऑस्ट्रेलियावाल्यांनी तर खायचं जे काही असेल ते सगळं फॉर्मवर लिहायचं, आणि त्याच्याही आधी आईने तुमच्या नकळत बॅगेच्या तळाशी काय काय खुपसलंय ते तिला विचारून घ्यायचं.