वर्गाच्या दाराबाहेर

प्रश्न : ताई, सोळा वर्षं विद्यापीठात इतिहास शिकवते आहे. वर्गात अजूनही जीव रमतो. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की अहवाल, बैठका, तक्ते आणि ‘यंदा शोधनिबंध किती?’ रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं. मी अजून प्राध्यापक उरले आहे का? नोकरी सोडू का?

उत्तर : आधी धडधडीबद्दल. ती या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. ‘ताणच असेल’ असं ठरवून अंगावर काढू नका.

मी एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यातली चार विभागप्रमुख म्हणून. त्या चार वर्षांत एक अर्धा शोधनिबंध माझ्या खणात पडून होता. खण उघडला की मी तो न वाचताच आत ढकलायचे. कुणी ‘काय करता?’ विचारलं, की ‘प्राध्यापक आहे’ म्हणताना माझीही जीभ अडखळायची. त्यामुळे तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

तुम्ही समाधान आणि ताण एकाच तराजूत घातले आहेत, घोळ तिथे होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये मांडलं, की समाधान प्रत्यक्ष कामातून येतं आणि नाराजी कामाभोवतीच्या धोरणांतून, देखरेखीतून. त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण माझा अनुभव हेच सांगतो. वर्गातला तुमचा आनंद खरा आहे, थकवाही तितकाच खरा आहे. आनंदाच्या भरवशावर थकवा सोसत राहू नका, आणि थकव्यामुळे आनंदावर शंका घेऊ नका.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये ताणाचं मूळ दाखवलं : मागण्या भरपूर, आणि निर्णय मात्र आपल्या हाती नाही. म्हणून काम कमी करण्याइतकंच थोडं काम आपल्या ताब्यात घेणं महत्त्वाचं. मी मंगळवारची सकाळ राखली. दोन तास दार बंद, फोन बंद. सुरुवातीला सहकारी रुसले, मग त्यांना सवय झाली. एका समितीलाही स्पष्ट नकार दिला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही सांगते. खणातला निबंध त्या मंगळवारांतच पुरा झाला.

निबंध मोजण्याबद्दल मला मनापासून चीड आहे. संशोधकाची पारख त्याचा लेख कुठल्या नियतकालिकात छापला यावरून नको, असं सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-प्रकाशकांच्या बैठकीतून निघाला. पुढे अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. तुमच्या विद्यापीठाने केली आहे का, पाहा. केली असेल, तर मूल्यांकनाच्या बैठकीत तो समोर ठेवा. एकट्या जाऊ नका, दोघा-तिघा सहकाऱ्यांना बरोबर घ्या.

राजीनाम्याचा निर्णय सत्र संपल्यावर घ्या. उत्तरपत्रिकांचा ढीग टेबलावर असताना नको.