फ्रेमची खूण कशी निवडतात? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : ई-१ मध्ये (टेलिफोन कंपन्यांची डिजिटल लाइन) फ्रेम, म्हणजे २५६ बिटांचा एक गट, कुठे सुरू होते ते ओळखायला ००११०११ हाच पॅटर्न का? १०१०१०१ लक्षात ठेवायलाही सोपा आहे.

उत्तर : सोपा आहे, पण तो स्वतःचीच नक्कल करतो. कागदावर १०१०१०१ लिहा आणि खाली तोच दोन घरं सरकवून लिहा. पाच जागा आपोआप जुळतात. पुढचे दोन बिट योगायोगाने ०१ आले की रिसीव्हर चुकीच्या जागी बसला, आणि ही शक्यता चारात एक आहे. आता ००११०११ सरकवून पाहा. एक घर, तीन घरं, सहा घरं, कितीही सरकवा, कुठेतरी ० खाली १ येतोच. म्हणजे खरी खूण आणि खोटी खूण एकमेकींवर अर्धवट चढूच शकत नाहीत. सगळे १ असलेला पॅटर्न तर मनातही आणू नका. सिग्नल गेल्यावर अलार्म म्हणून पुढे सलग १ च पाठवतात.

प्रश्न : मग खूण लांब ठेवली तर जास्त सुरक्षित ना?

उत्तर : शोधताना हो, टिकताना नाही. रँडम डेटात सात बिटांची खूण १२८ जागांत एकदा दिसते. ई-१ मध्ये ती एक फ्रेम आड येते, म्हणजे ५१२ बिटांत साधारण चार तोतये. बारा बिटांना हेच प्रमाण ४०९६ जागांत एक. पण लाइनवर हजारात एक बिट चुकत असेल, तर सात बिटांची खूण १४३ वेळांत एकदा बिघडते, बारा बिटांची ८४ वेळांत. सेकंदाला ४००० खुणा येतात. एकाच चुकीवर अलाइनमेंट (फ्रेमची सापडलेली जागा) सोडली तर लिंक सेकंदाला २८ वेळा पडेल! म्हणून सलग तीन खुणा चुकल्या तरच अलाइनमेंट गेली असं धरतात. मग त्याच खराब लाइनवर ही वेळ साधारण बारा मिनिटांनी एकदा येते. नवे इंजिनिअर पॅटर्नवर खूप डोकं लावतात. माझ्या मते लिंक तगते ती या नियमावर.

प्रश्न : अलार्म एकही नाही, तरी आतला डेटा सगळा कचरा. खोटी अलाइनमेंट असेल का?

उत्तर : असू शकते. खूण नसलेल्या मधल्या फ्रेममध्ये दुसरा बिट कायम १ ठेवतात, खुणेत त्याच जागी ० असतो. त्यामुळे सतत एकच बाइट पाठवणारा टाइमस्लॉट (फ्रेममधली एका चॅनेलची आठ बिटांची जागा) लगेच पकडला जातो. पण दोन बाइट आलटूनपालटून येत असतील तर रिसीव्हर फसतो आणि फसलेलाच राहतो. दोन्ही टोकांना सीआरसी-४ (प्रत्येक ब्लॉकवरून काढलेल्या चार बिटांची तपासणी) चालू करा. त्यात सेकंदाला १००० ब्लॉक तपासले जातात आणि ९१५ किंवा जास्त चुकले की शोध नव्याने सुरू होतो.

या ९१५ चा हिशेब करून पाहा. जागाच चुकीची असेल तर चार बिट सोळात एकदाच जुळतील, म्हणजे सुमारे ९३७ ब्लॉक चुकतील. जागा बरोबर पण लाइन हजारात एक बिट चुकवणारी असेल, तर २०४८ बिटांचे सुमारे ८७१ ब्लॉक चुकतील. ९१५ बरोबर या दोहोंच्या मधे बसतो. हा आकडा मला मनापासून आवडतो.

प्रश्न : एसडीएचमध्ये (फायबरवरच्या जास्त वेगाच्या लाइनची पद्धत) फ्रेमच्या खुणेचे ए१, ए२ बाइट स्क्रॅम्बल का करत नाहीत, म्हणजे बाकीच्या डेटासारखे ठरलेल्या बिटांनी मिसळून का पाठवत नाहीत?

उत्तर : डीस्क्रॅम्बलर प्रत्येक फ्रेमला नव्याने सुरू होतो. फ्रेमच सापडली नसेल तर तो सुरू कुठून होणार? म्हणून ११११०११० आणि ००१०१००० उघडेच जातात. एसटीएम-१ मध्ये (एसडीएचची मूळ पातळी) तीन ए१ नंतर तीन ए२ येतात. शोधताना ए१ संपून ए२ सुरू होतो ती सीमा पकडा. नुसता ए१ आठ बिटांनी सरकला तरी तसाच दिसतो.