नाव न छापण्याच्या अटीवर

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेचे, आरोपपत्र विद्यापीठाला मिळाले आहे, उत्तराला 90 दिवसांची मुदत आहे आणि क्रीडा संचालकांनी तुला सांगितले आहे की, चार ओळखीच्या बातमीदारांच्या कानावर 'हे जुन्या प्रशिक्षकांच्या काळातले आहे' एवढे घाल, फक्त नाव छापू देऊ नकोस. यात गैर काय, असे तू विचारतेस. गैर हेच, की जे नाव लावून सांगता येत नाही, ते नाव न लावता सांगायचे नसते.

मिसिसिपी विद्यापीठाचे प्रकरण पुन्हा नीट वाच. जानेवारी 2016 मध्ये त्यांच्यावरचे एनसीएएचे नियमभंगाचे आरोप बाहेर आले, तेव्हा विद्यापीठाच्याच माणसांनी पत्रकारांना खाजगीत दिलेल्या माहितीमुळे बराचसा ठपका आधीचे फुटबॉल प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांच्यावर गेला. नट जुलै 2017 मध्ये कोर्टात गेले. विद्यापीठ सरकारी असल्यामुळे त्यांच्या वकिलांना तत्कालीन प्रशिक्षक ह्यू फ्रीझ यांच्या फोनच्या नोंदी मागवता आल्या. पत्रकारांना केलेले फोन शोधताना त्यांत भलताच, एस्कॉर्ट सेवेशी जोडलेला एक क्रमांक सापडला आणि दावा दाखल झाल्यापासून दहा दिवसांच्या आत फ्रीझ यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने नट यांची जाहीर माफी मागितली. मूळ आरोपांची शिक्षा डिसेंबरमध्ये आली ती वेगळीच.

मीही असा फोन केलेला आहे. स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, एका साहाय्यक प्रशिक्षकाचे नाव मी बातमीदाराला दिले. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण तोवर घर विकून तो दुसऱ्या राज्यात गेला होता. माझा व्हिसा नोकरीवर अवलंबून होता, मुलगा तीन महिन्यांचा होता आणि आदेश वरून आला होता; यातले काहीही खोटे नाही, तरी नंबर माझ्याच बोटांनी फिरवला. त्यानंतर नाव लावल्याशिवाय मी एक शब्द बोललो नाही. त्यापायी बढती गेली. लोक हट्टी म्हणाले, म्हणू देत. माझे चुकले असे मला आजही वाटत नाही.

प्रकरण चालू असताना तपशिलावर जाहीर बोलायला एनसीएएचा नियमच मज्जाव करतो, तेव्हा तुझे पत्रक चार ओळींचेच होईल. आरोपपत्र मिळाले, आम्ही सहकार्य करत आहोत, उत्तर मुदतीत देऊ. खाली अध्यक्षांचे नाव. विद्यार्थ्यांची नावे झाकून आरोपपत्रही प्रसिद्ध करता येईल का, हे विद्यापीठाच्या वकिलांना आजच विचार. बातमीदार दहा वेळा फोन करतील, दहाही वेळा तेच वाक्य सांग. कंटाळा येईल, येऊ दे. त्या आरोपपत्रात एकोणीस-वीस वर्षांची पोरे आहेत, हे मात्र कंटाळ्यातही विसरू नकोस.

आणि उद्या संचालकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्यांनी सांगितलेले वाक्य जसेच्या तसे कागदावर लिहून ने आणि खाली त्यांची सही माग. ते काय म्हणतात, ते मला रात्री कळव. मी जागा असेन.