बारावीचे 62 टक्के कॅटने भरून निघतील का?

प्रश्न : ताई, मी लालबागला राहतो, टीवाय बी.कॉम.ला आहे. दहावीला 84 टक्के होते. मग कॉलेजच्या एकांकिकांत शिरलो, लाइट्स करू लागलो आणि बारावीला 62 वर आलो. आतापर्यंतच्या सेमिस्टरमध्येही साठच्या आसपासच आहे. पण कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉकमध्ये (सराव परीक्षांत) 98-99 पर्सेंटाइल येतात. आई म्हणते, नाटकाने वाटोळं केलं. कॅट तगडी गेली तर जुने मार्क कोण बघतंय? मुलाखतीत विचारलंच, तर बारावीला आजारी होतो असं सांगू का?

उत्तर : बघतात रे. अहमदाबादच्या आयआयएम या मॅनेजमेंट संस्थेत दहावी, बारावी आणि पदवीच्या टक्क्यांना ठरलेल्या पट्ट्यांप्रमाणे गुण देतात आणि कॅटसोबत तेही धरून मुलाखतीची यादी लावतात. बंगळुरूलाही दहावी-बारावी मोजतात. कॅटमध्ये तू वर गेलास की तूट कमी होते, पण बारावीच्या खात्यातले गेलेले गुण परत येत नाहीत. तिथले फॉर्म जरूर भर, फक्त सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस.

चर्चगेटच्या जमनालाल बजाज या मॅनेजमेंट संस्थेचं गणित वेगळं आहे. तिथला एमएमएसचा (एमबीएसारख्याच पदवीचा) प्रवेश सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेच्या, गुणवत्ता यादीवरून होतो. पदवीला 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 45. तेवढे असले की बारावीला 62 होते की 92, याने यादीतली जागा हलत नाही. तुझ्यासारख्या मुलासाठी मी हे नाव सगळ्यात वर लिहीन.

मात्र कॅटचा अभ्यास झालाय म्हणजे सीईटी निघेलच, या भरवशावर राहू नकोस. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटमध्ये पर्याय चुकला की गुण जातो, म्हणून तिथे प्रश्न सोडून द्यायची सवय लागते. तीच सवय सीईटीत महागात पडते. नोव्हेंबरअखेर कॅट झाली की लगेच वेगाचा सराव सुरू कर.

आजारपणाचं सोंग अजिबात नको. पुढचा प्रश्न आला की ते उघडं पडतं, आणि तुला त्याची गरजही नाही. एकांकिका स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात. स्पॉट भलतीकडे वळलेला असतो, पोरं विंगेत ताटकळत असतात आणि तिसरी घंटा कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी तू आधी काय हातात घेतलंस, कुणाला काय सांगितलंस, ते जसंच्या तसं सांग. त्या नादात अभ्यास मागे पडला, हेही स्वतःहून सांग. नाटक केलं म्हणून मार्कांची माफी मिळेल, असं मात्र धरून चालू नकोस.

आईशी वाद घालू नकोस. मार्क गेले हे तिचं म्हणणं खरंच आहे. कुठे कोणते मार्क बघतात याची यादी करून तिच्यापुढे ठेव. तिच्या रागामागे काळजी आहे, आणि काळजीला माहितीनेच थोडा आधार मिळतो.

बारावीचा आकडा आता हलणार नाही, पदवीचा अजून हलू शकतो. पाचवं आणि सहावं सेमिस्टर तुझ्या हातात आहे, आणि पदवीच्या टक्क्यांनाही गुण आहेतच. तेव्हा यंदाचे लाइट्स एसवायच्या एखाद्या पोराला नीट शिकवून त्याच्याकडे सोपव. कॅट होईपर्यंत तालमीच्या हॉलकडे फिरकू नकोस. तुला हे जड जाईल, मलाही लिहिताना बरं वाटत नाहीये, पण दोन्ही एकदम जमेल असं मी तुला खोटं सांगणार नाही.