शुक्राणू मोजून हरणाची जात कळते का?

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय. दिसायला सारख्या असलेल्या हरणांच्या प्रजाती शुक्राणूंच्या मापांवरून वेगळ्या ओळखता येतात, असं वाचलं. खरंच येतात का? मग डीएनए कशाला तपासायचा?
(एक विद्यार्थी, गोंदिया)

उत्तर : फरक दिसतो, हे खरं. पण तेवढ्यावर 'ही अमुक प्रजाती' असं लिहून द्या म्हणालात, तर मी सही करणार नाही.

हरणाच्या शुक्राणूचं डोकं साधारण आठ-नऊ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब असतं. वरून पाहिलं तर लांबट पानासारखं, बाजूने पाहिलं तर चपटं. आमच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी ठेवून माप जुळवून घ्यावं लागे. त्यातला एक भाग 10 मायक्रॉनचा, म्हणजे अख्खं डोकं एका भागात मावून वर जागा उरते. आणि जवळच्या दोन प्रजातींमधला फरक शोधायचा तो मायक्रॉनच्या दशांशात! आता कॅमेरा आणि संगणक लांबी, रुंदी, परीघ, क्षेत्रफळ झटपट काढून देतात. पण स्लाइड अजून हातानेच करायची असते, आणि घोळ तिथेच होतो.

माझाच किस्सा सांगते. एका खिलार वळूच्या एकाच नमुन्याच्या मी दोन स्लाइड केल्या. एक इओसिन-निग्रोसिनने रंगवली, दुसरी गिम्साने. आकडे इतके वेगळे आले, की वही पाहून सरांनी विचारलं, "दुसरा वळू कुठला गं?" वाळवणं, रंग, गोठवणं, सगळ्याने डोकं आक्रसतं किंवा फुगतं. स्पेनमधल्या तांबड्या हरणांवरच्या कामात गोठवून वितळवलेल्या शुक्राणूंची डोकी लहान झालेली आढळली. शिवाय त्याच हरणांत एका नराचे शुक्राणू दुसऱ्या नरापेक्षा जास्त लांबट डोक्याचे निघतात, आणि तसे शुक्राणू जास्त वेगाने पोहतात. म्हणजे प्रजात एकच, तरी मापं वेगळी.

आणखी एक फसगत. अनेकांना वाटतं, गुणसूत्रं (पेशीतली डीएनएची गाठोडी) कमी तर डोकं लहान. आपल्या भेकराच्या मादीत गुणसूत्रं अवघी 6, नरात 7. चिनी भेकरात 46. पण भेकराची जुनी छोटी गुणसूत्रं एकमेकांना चिकटून मोठी झालीत, आतला ऐवज फारसा घटलेला नाही. सहा पोती काय नि शेहेचाळीस पिशव्या काय, धान्य जवळपास तेवढंच! तेव्हा डोक्याच्या मापावरून गुणसूत्रांचा हिशेब मांडू नका.

डीएनए कशाला, तर ब्राझीलमधली ब्रॉकेट हरणं बघा. तांबूस, बुटकी, एकासारखी दुसरी. त्यातली मझामा बोरोरो ही प्रजाती 1996 मध्ये वेगळी मांडली गेली, ती गुणसूत्रं मोजून. नुसत्या डोळ्यांनी ते जमलं नसतं. मापं जोडीला घ्या. शंभर-दोनशे शुक्राणू एका नराचे असतील, तर तुमच्या हाती नर एकच आहे, शंभर नव्हेत. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात.

हात बसवायचा असेल तर खाटकाकडून बोकडाचं वृषण आणा. त्याला चिकटलेल्या अधिवृषणाच्या (शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या) शेपटाकडच्या टोकाला छेद देऊन थेंब काढा आणि एकाच थेंबाच्या पाच स्लाइड करून मोजा. त्या पाचांचे आकडे जुळायला लागले की मग हरणाचं बघू. तेही वन विभागाची लेखी परवानगी हातात आल्यावर. मेलेल्या हरणालाही त्याआधी हात लावू नका.