उत्तर: जंतूंच्या भीतीचं ते चुंबन नेमकं कुठल्या साली?

जुन्या व्यंगचित्राचं कात्रण टाकून ते कुठल्या सालचं असं तुम्ही विचारलंत. त्यातला तो मिशाळ प्रियकर आणि चुंबनाआधी ‘आधी जंतुनाशकानं गुळण्या कर’ म्हणणारी ती मुलगी बघून हसू आलं, मागोमाग तिडीकही. मासिकाचं नाव नाही, साल नाही, आणि दिवाळी अंकाच्या लेखात तारीख तर द्यायची! मीही यात अडकलो होतो.

शोध ‘लाइफ’ मासिकापासून सुरू करा. ‘लाइफ’ म्हणजे फोटोंचं नव्हे, 1883 ते 1936 चालू असलेलं अमेरिकी विनोदी ‘लाइफ’, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘पक’ आणि ‘जज’ ही त्याच काळातली अमेरिकी विनोदी नियतकालिकंसुद्धा चाळा.

साल लावायची खरी गोम चित्राच्या शेजारच्या मजकुरात असते. जुने अंक बांधून घेताना कित्येक ग्रंथालयांनी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली. मी जिथून पैसे भरून स्कॅन मागवला त्या संस्थेनं (नाव घेत नाही) त्यावरही कडी केली. नुसती चित्राची चौकट कापून पाठवली, पान क्रमांकसुद्धा नाही. विचारलं तर ‘मागितलेलं चित्र दिलं आहे’. पूर्ण पान हवं तर नवा अर्ज, नवं शुल्क. अहो, नुसती चौकट घेऊन काय करू?

क्षयाचा जंतू जर्मन वैज्ञानिक रॉबर्ट कॉखनं 1882 साली दाखवला, आणि पुढं हे विनोद भीतीला अगदी खेटून चालले. ‘पक’चं 8 ऑगस्ट 1900चं मुखपृष्ठ बघा: मोलकरीण जमिनीवर घासत आलेला झगा झटकतेय, उडालेल्या धुळीत ‘टायफॉइड’, ‘क्षय’ अशी नावं, आणि मागं सापळ्याच्या रूपात मृत्यू. जंतूंच्याच भीतीनं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यानं सार्वजनिक पाणवठ्यावरचा सगळ्यांनी वापरायचा सामायिक पेला 1909 साली बंद केला, तेव्हा चित्रात तसा पेला असेल तर त्या सुमाराला शोधा. 1920 नंतर लिस्टरीन या गुळण्यांच्या औषधाच्या जाहिरातींनी तोंडाच्या दुर्गंधीची धास्ती घातली. म्हणून मुलगी आजाराला घाबरत असेल तर मी चित्र आधीचं मानतो, वासाला घाबरत असेल तर नंतरचं. हा माझा ठोकताळा, पुरावा नव्हे. लेखात ‘अंदाजे’ लिहा.

‘पक’ची बरीच चित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आधी तिथं बघा. कुठं पैसे भरायचेच झाले तर अर्जात ‘पूर्ण पान, दोन्ही बाजू’ असं स्पष्ट लिहा. आणि कात्रण सुटं असेल तर मागची बाजू इथं टाका. जाहिरातीचा एखादा तुकडा निघाला तरी साल लावायला तो पुरतो.