मोठे टायर आणि भरलेली गाडी

शेतरस्त्यावर गाडी खाली घासते म्हणून १८५/६५ आर १५ (टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) च्या जागी २०५/६५ आर १५ टायर बसवावेत का आणि त्याने मीटर चुकेल का, हा अमळनेरहून आलेला आपला प्रश्न वाचला आणि माझी जुनी डोकेदुखी आठवली.

मीटरचा हिशेब सरळ आहे. मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि नव्याचा ६४७.५, म्हणजे सुमारे ४.२ टक्के अधिक. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजत असल्याने आज काटा ८० वर असताना गाडीचा जो खरा वेग असतो, त्याहून नव्या टायरवर तो त्याच काट्याला ताशी साधारण तीन किलोमीटरने वाढेल. अंतरही कमी नोंदले जाईल आणि मायलेज घटल्याचा भास होईल. ज्या उंचीसाठी हा खटाटोप, ती मात्र फरकाच्या निम्मीच, १३ मिलिमीटर वाढते.

माझे खरे नुकसान असेच मोठे टायर गाडीत नीट न बसण्याने झाले. चाळीसगावला दुकानात रिकाम्या गाडीचे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिले, कुठे काही लागले नाही, आणि मी चारही टायर घेतले. पुढच्याच आठवड्यात पाच माणसे व सामान घेऊन कन्नड घाट चढताना प्रत्येक वळणावर खरखर ऐकू येऊ लागली. भाराने शॉकअप दबले होते. चाक वर सरकून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होते, आणि वरून कन्नडला पोहोचेपर्यंत टायरची कड सोलली गेली होती. दुकानदाराने वापरलेला माल म्हणून हात वर केले. सर्व्हिस सेंटरने माप बदललेले आहे एवढे लिहून गाडी तपासण्यासही नकार दिला. आपली गाडी असून कोणी ऐकून घेत नाही, याचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा होता.

मी मेकॅनिक नाही आणि प्रत्येक मॉडेलची मोकळी जागा वेगळी असते. तरीही माझे स्पष्ट मत आहे की १३ मिलिमीटरसाठी हा धोका पत्करू नये. १९५/६५ घेतल्यास फरक दोन टक्क्यांवर येतो, पण उंचीही साडेसहा मिलिमीटरच मिळते. रिमची रुंदी साडेपाच इंचांहून कमी असेल तर २०५ चा विचारही करू नका.

घ्यायचेच ठरले तर आधी पुढचे दोनच टायर चढवा, गाडीत पाच माणसे बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून जवळच्या गतिरोधकावरून हळू न्या, आणि घासल्यास टायर परत घेण्याची अट पैसे देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्या.